निळ्या पाण्याची परीक्षा

गावोगावी पाणी सोडणाऱ्या जलसुरक्षकाकडे एक छोटी काचेची नळी असते. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकून झाली की तो वस्तीच्या टोकाच्या नळाचं पाणी त्या नळीत घेतो, औषधाचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळं होतं का ते पाहतो. हीच ओटी टेस्ट. पिवळा रंग आला तर क्लोरीन टोकापर्यंत पोचलं, नाही आला तर मात्रा कमी पडली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहायला हवं. एवढ्याशा आकड्यासाठी वही ठेवली जाते, आणि ती ठेवायलाच हवी. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की पहिला प्रश्न त्या वहीबद्दलच विचारला जातो.

त्याच गावांच्या शिवारात, कर्जत, लोणावळा, मुळशी, अलिबागच्या बाजूला, आता स्विमिंग पूल असलेले बंगले उभे आहेत. काहींचे मालक महिन्यातून दोनदा येतात, काही बंगले शनिवार-रविवारी भाड्याने जातात. सकाळी दहाला मुलं पाण्यात उतरतात ती जेवणाच्या हाका ऐकू येईपर्यंत बाहेर येत नाहीत. डोळे उघडे ठेवून बुड्या मारतात, तोंडात पाणी घेऊन एकमेकांवर उडवतात. या पाण्याची परीक्षा मात्र अनेक ठिकाणी केअरटेकरच्या नजरेवर सोडलेली असते. तळ दिसतोय, फरशा निळ्या दिसतायत, औषधाचा वास येतोय, म्हणजे झालं. पाण्यात क्लोरीन किती आणि पीएच किती असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण मोजायचं साधनच बंगल्यावर नसतं.

ही स्थिती बदलायला हवी आणि ती बदलण्याची जबाबदारी मालकाची आहे. घरच्या तलावाचं पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही की रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. एक चांगला किट, दिवसाची दहा मिनिटं आणि एक वही पुरते. सातवीतल्या मुलालाही ते शिकवता येतं.

आधी डोळ्यांचा आणि नाकाचा गैरसमज दूर करू. पाण्यात क्लोरीन अजिबात नसलं तरी ते काही काळ काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं. वाळूचा फिल्टर बारीक कचरा अडवतो, पण जंतू मारणं हे त्याचं काम नाही. पाणी हिरवट किंवा धुरकट दिसायला लागतं तेव्हा गडबड होऊन बराच वेळ झालेला असतो. वासाचं तर उलटच आहे. तलावाजवळ गेल्यावर नाकाला झोंबतो तो वास शुद्ध क्लोरीनचा नसतोच. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास असतो. पोहल्यानंतर डोळे लाल होतात, खोकला येतो, तोही बहुतेकदा त्यांच्यामुळेच. म्हणजे उग्र वास आला तर क्लोरीन जास्त झालं असं मानून मात्रा कमी करणं ही घोडचूक ठरते. पुष्कळदा तिथे कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं.

लघवीचा उल्लेख कुणाला खटकेल, पण तो टाळून चालणार नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक नामी युक्ती वापरली. शीतपेयांत आणि डाएट पदार्थांत असलेला एक कृत्रिम गोड घटक शरीरात पचत नाही, तो जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. तलावाच्या पाण्यात तो किती सापडतो यावरून त्यांनी लघवीचा अंदाज बांधला. सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात ती अंदाजे ७५ लिटर निघाली. हा सार्वजनिक तलाव होता. बंगल्यातला तलाव याच्या वीसपट लहान असतो आणि एखाद्या वाढदिवसाला त्यात पंचवीस-तीस माणसं एकदम उतरतात. आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून, रंगपंचमीला तर रंगासकट पाण्यात उडी मारण्याची हौस असते. त्या प्रत्येकाशी झुंजताना क्लोरीन खर्ची पडतं.

आता पीएच. तलावाच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा, ७.४ ते ७.६ उत्तम. माणसाच्या अश्रूंचा पीएचही ७.४च्या आसपासच असतो, म्हणून असं पाणी डोळ्यांना टोचत नाही. पण खरं कारण याहून महत्त्वाचं आहे. पाण्यात टाकलेलं क्लोरीन दोन रूपांत राहतं. त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे जंतूंचा झपाट्याने नाश करतं, दुसरं रूप त्या मानाने फारच मंद. या दोहोंचं प्रमाण पीएच ठरवतो. पीएच ७.५ असताना निम्मं-निम्मं असतं. पीएच ८ झाला की कामाचं रूप पाव हिश्श्यावर येतं. म्हणजे केअरटेकरने पावडर टाकली, मालकाने पैसे मोजले, आणि पीएच न पाहिल्यामुळे त्यातला तीन चतुर्थांश भाग सुस्त पडून राहिला. कारंजी, धबधबे आणि जेट लावलेल्या तलावांत हा प्रकार हटकून होतो, कारण पाणी खळाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो.

क्लोरीन किती असावं? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, शिफारस किमान १ पीपीएमची आहे. पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे मिलिग्रॅम. टॅबलेट वापरत असाल तर किमान २. गरम पाण्याच्या जाकुझीत किमान ३. याच संस्थेने दिलेले जंतुनाशाचे काळ बोलके आहेत. १ पीपीएम क्लोरीन, ७.५ पीएच आणि २५ अंश तापमान असेल तर घातक ई. कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतात. हिपॅटायटिस ए या कावीळ करणाऱ्या विषाणूला सुमारे १६ मिनिटं लागतात, जिआर्डिया या परजीवीला ४५ मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मात्र १५,३०० मिनिटं, म्हणजे दहा दिवसांहून अधिक, तग धरतो. म्हणूनच ज्याला जुलाब होत आहेत त्याने पाण्यात उतरायचंच नाही, हा नियम कितीही चांगल्या तलावाला लागू आहे.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या आजाराचे रुग्ण सापडले. त्यातला नेग्लेरिया हा अमीबा कोमट, गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. ते पाणी पिऊन हा आजार होत नाही, पण बुडी मारताना नाकात गेलेलं पाणी पुरेसं ठरतं. केरळ सरकारने विहिरी आणि टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम हाती घेतली, कारण पुरेसं क्लोरीन या अमीबाला मारतं. हा आजार दुर्मीळ आहे, त्याची भीती पसरवण्याचं कारण नाही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उघड्या तलावाचं पाणीही चांगलंच कोमट होतं, आणि नेमक्या त्याच सुट्टीत तलाव भरलेले असतात.

किट घेताना एक गोष्ट पाहावी. जलसुरक्षकाच्या ओटी टेस्टचा पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, म्हणजे कामाचं आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेलं दोन्ही मिळून. नळाच्या पाण्याला ते चालून जातं, पण घामाने भरलेल्या तलावात ते फसवं ठरतं. शिवाय ते रसायन हाताळायलाही घातक मानलं जातं. तलावासाठी डीपीडी पद्धतीचा किट घ्यावा. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ए. टी. पॅलिन यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती जगभर वापरात आहे. पहिल्या गोळीने पाणी गुलाबी होतं तो आकडा मुक्त क्लोरीनचा. त्याच नळीत पुढची गोळी टाकली की रंग गडद होतो, तो आकडा एकूण क्लोरीनचा. दोन्हींतला फरक म्हणजे अडकलेलं, निरुपयोगी क्लोरीन. हा फरक ०.४च्या पुढे गेला की काहीतरी करायची वेळ झाली असं समजावं.

डीपीडीचा एक धोका किट विकणारे सहसा सांगत नाहीत. क्लोरीन फारच जास्त असेल तर ते गुलाबी रंगच पांढरा करून टाकतं. नळीतलं पाणी रंगहीन दिसतं, माणूस क्लोरीन शून्य समजतो आणि आणखी पावडर ओततो. रंग क्षणभर चमकून गेला असेल किंवा आदल्या दिवशी भरपूर मात्रा टाकली असेल, तर तलावाचं पाणी स्वच्छ पिण्याच्या पाण्यात मिसळून, पाचपट पातळ करून, पुन्हा तपासावं आणि आलेला आकडा पाचने गुणावा.

नमुना कसा घ्यायचा हेही ठरलेलं आहे. पाणी वरच्या पृष्ठभागाचं घ्यायचं नाही. नळी उलटी धरून हात कोपरापर्यंत बुडवायचा आणि तिथे ती सुलटी करायची. फिल्टरचं पाणी जिथून आत येतं त्या तोंडापासून दूर. झाकणाऐवजी बोटाने नळी बंद करून हलवू नये, बोटाच्या घामाने आकडा बदलतो. रंग दिवसाच्या उजेडात, मागे पांढरं काही धरून जुळवावा. रसायनाच्या बाटल्या पंपरूममध्ये ठेवू नयेत, तिथल्या उष्म्याने त्या खराब होतात. तपासलेलं पाणी पुन्हा तलावात ओतू नये. आणि घरोघरी वॉटर प्युरिफायरसाठी असलेलं टीडीएसचं पेन इथे कामाचं नाही. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, पण क्लोरीनबद्दल किंवा जंतूंबद्दल काहीही सांगत नाही.

एवढं झालं की गणित. अंदाजाने मूठभर पावडर टाकण्याची पद्धत इथे संपते. समजा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे, उथळ बाजू ०.९ मीटर आणि खोल बाजू दीड मीटर. सरासरी खोली १.२ मीटर. गुणाकार ३८.४ घनमीटर, म्हणजे ३८,४०० लिटर. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला हजार लिटरमागे १ ग्रॅम लागतं. आपल्याला २ पीपीएम वाढवायचं आहे, म्हणजे ७७ ग्रॅम निव्वळ क्लोरीन. ६५ टक्क्यांची दाणेदार पावडर असेल तर ती सुमारे ११८ ग्रॅम भरते. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण उघड्या पोत्यात ते झपाट्याने उतरतं आणि चुन्याचा गाळ मात्र तलावात बसतो. कॅनमधून येणारं लिक्विड क्लोरीनही उन्हात ठेवलं तर आठवड्या-आठवड्याला कमजोर होतं. म्हणून मात्रा कितीही काटेकोर मोजली तरी टाकल्यावर काही तासांनी पुन्हा तपासणं भाग आहे.

सगळ्यात जास्त लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे पांढऱ्या टॅबलेट. फ्लोटरमध्ये ठेवल्या की त्या हळूहळू विरघळतात, केअरटेकरला रोज काही करावं लागत नाही, म्हणून त्या सर्वांच्या आवडत्या. त्यांचं नाव ट्रायक्लोर. क्लोरीनबरोबरच त्या पाण्यात सायन्युरिक आम्ल सोडतात. हे आम्ल म्हणजे क्लोरीनवर धरलेली छत्री. ते नसेल तर कडक उन्हात तासाभरात निम्मं क्लोरीन उडून जातं, म्हणून उघड्या तलावात ते ३० ते ५० पीपीएम हवंच. अडचण पुढे आहे. क्लोरीन रोज खर्च होतं, हे आम्ल मात्र होत नाही. त्याचं बाष्पीभवन होत नाही, फिल्टर त्याला अडवत नाही. ट्रायक्लोरने रोज २ पीपीएम क्लोरीन दिलं तर रोज सुमारे १.२ पीपीएम सायन्युरिक आम्ल साठतं. फिल्टर धुताना, म्हणजे बॅकवॉशमध्ये, किंवा गळतीत पाणी गेलं नाही तर सहा महिन्यांत ते दोनशेच्या पुढे जातं. तेवढ्या आम्लात क्लोरीन जखडून पडतं. त्याचा जोर टिकवायला मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या साधारण साडेसात टक्के असावं, असा अनुभवी लोकांचा हिशेब आहे. ४० पीपीएमला ३ पुरतं, २०० पीपीएमला १५ लागेल. मग किट ३ पीपीएम दाखवतो, मालक निर्धास्त असतो, आणि भिंतींवर शेवाळ चढत जातं.

मग पूलवाला मोरचूद आणतो. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच. शेवाळ त्याने मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात साठत जातं, फरशांवर निळसर-काळे डाग धरतं आणि दुखण्याचं मूळ तसंच राहतं. आणि शेवटी सल्ला मिळतो तो पाणी काढून नवं भरण्याचा.

या सल्ल्याचा विचार महाराष्ट्रात तरी गांभीर्याने व्हायला हवा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. एका वाघिणीत ५० हजार लिटर. आपण वर मोजला तो मध्यम आकाराचा घरगुती तलाव म्हणजे अशा वाघिणीचा तीन चतुर्थांश भाग. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्या मापाने ३८,४०० लिटर पाणी पाच माणसांच्या कुटुंबाला साडेचार महिन्यांहून जास्त पुरेल. मुळशी किंवा कर्जतच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि खालच्या बंगल्यात टॅबलेटने बिघडलेलं पाणी ओढ्यात सोडून नवे चार टँकर ओतले जातात, हे चित्र कुणालाही लाजवणारं आहे. नियमित तपासलेलं, संतुलित ठेवलेलं पाणी वर्षानुवर्षं चालतं. स्वतः पाणी तपासावं याचं आरोग्याइतकंच मोठं कारण हे आहे.

सायन्युरिक आम्लाची चाचणीही घरी होते. नमुन्यात एक पावडर मिसळली की पाणी दुधाळ होतं. ते तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचायचा. महिन्यातून एकदा पुरे. आकडा ५०च्या वर गेला की टॅबलेट बंद करून लिक्विड क्लोरीन किंवा दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटवर यावं. फारच वाढलं असेल तर घाटमाथ्यावर आणि कोकणात निसर्गच मदतीला असतो. जूनच्या सुरुवातीला, क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करून, तलावाचं एक तृतीयांश पाणी झाडांना द्यावं आणि जागा पावसाला मोकळी ठेवावी. ८ बाय ४च्या तलावावर हजार मिलिमीटर पाऊस पडला की थेट ३२ हजार लिटर पाणी मिळतं, आणि लोणावळ्यात मोसमात याच्या कितीतरी पट पाऊस होतो. मात्र पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून येतो आणि रिकामी टाकी उचलली जाऊ शकते, तिला तडे जाऊ शकतात.

पावसाच्या पाण्याचं आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावं. ते किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात क्षार जवळपास नसतात. सतत पाऊस पडला की तलावाची अल्कलिनिटी, म्हणजे पीएचला एका जागी धरून ठेवण्याची पाण्याची ताकद, घसरते. ती ८० ते १२० पीपीएम असावी. घसरली की पीएच सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. उपाय घरचाच आहे, खायचा सोडा. आपल्या ३८,४०० लिटरला अल्कलिनिटी २० पीपीएमने वाढवायला साधारण १.३ किलो लागतो. नुसता पीएच चढवायचा असेल तर धुण्याचा सोडा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची आपली जुनी सवय तलावातही चालते, पण तुरटी पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही खाली ओढते. म्हणून ती वापरल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही तपासावं.

देशावर प्रश्न उलटा असतो. काळ्या कातळातल्या बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी मुळात जड. उन्हाळ्यात तलावाची पातळी रोज अर्धा सेंटिमीटर जरी उतरली तरी १६० लिटर पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागेच राहतात. त्यात पुन्हा जड पाणी भरलं जातं. कॅल्शियमची कठीणता २०० ते ४०० पीपीएमच्या मर्यादेत ठेवायची असते, ती वाढत गेली की पाण्याच्या रेषेवर पांढरा खार धरतो, हीटरच्या नळ्या भरून येतात. उलट पाणी फार मऊ आणि आम्लधर्मी झालं तर ते फरशांमधलं सिमेंट खातं. हे पाणी खार धरेल की सिमेंट खाईल याचा अंदाज देणारं सूत्र विल्फ्रेड लँगेलियर या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकाने १९३६ मध्ये शहरांच्या जलवाहिन्यांसाठी मांडलं. आज ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतं. पीएच, तापमान, अल्कलिनिटी आणि कठीणता हे मुख्य आकडे घातले, सोबत विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दिला की उत्तर येतं. पण आकडे तपासलेले हवेत.

सॉल्ट वॉटर पूल घेतला की क्लोरीनची कटकट नाही, असं गोव्यातल्या आणि अलिबागच्या नव्या बंगल्यांच्या जाहिरातींत सांगितलं जातं. ते खरं नाही. त्या यंत्रात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीनच तयार करतात. तिथेही पीएच वर चढतो, तिथेही सायन्युरिक आम्ल लागतं, आणि तपासणी तितकीच लागते. त्या पाण्याने बागेतली झाडं मात्र मरतात.

आपलं पाणी काही लपवतंय का, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. सूर्य मावळल्यावर मुक्त क्लोरीन मोजावं, रात्री कुणी पाण्यात उतरू नये, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मोजावं. रात्री ऊन नसतं, त्यामुळे क्लोरीन फारसं घटायला नको. १ पीपीएमहून जास्त घट दिसली तर पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे आणि ती डोळ्यांना अजून दिसलेली नाही. तेव्हाच क्लोरीन वाढवून, पंप चालू ठेवून, भिंती घासून घेतल्या तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

इथे इशारा देणं गरजेचं आहे. पीएच उतरवायला वापरतात ते ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र येता कामा नये. एका बादलीत दोन्ही मिसळली, किंवा ॲसिडचं माप न धुता क्लोरीनमध्ये घातलं, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद पंपरूममध्ये तो माणसाचा जीव घेऊ शकतो. ट्रायक्लोर टॅबलेट आणि दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन्ही क्लोरीनचीच औषधं, पण ती एकमेकांत मिसळली तर पेट घेतात. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडावी, घरात लहान मुलं असतात. ही कामं करणाऱ्या माणसाला रबरी हातमोजे आणि चष्मा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. उघड्या हातांनी, नाकाला रुमाल बांधून पावडर फेकणारे केअरटेकर पाहिले की वाईट वाटतं. त्याला किट नाही, प्रशिक्षण नाही, आणि पाणी हिरवं झालं की बोलणी त्यालाच.

म्हणून मालकाने स्वतः शिकावं, मग त्याला शिकवावं आणि वही दोघांनी मिळून चालवावी. तलाव वापरात असेल त्या दिवशी मुक्त क्लोरीन आणि पीएच, आठवड्याला अल्कलिनिटी, महिन्याला कठीणता आणि सायन्युरिक आम्ल. शेजारी तारीख, पाऊस झाला का, किती माणसं उतरली, काय टाकलं. दोन महिन्यांत आपल्या तलावाचा स्वभाव कळतो. पुणे-ठाण्याच्या मोठ्या सोसायट्यांत हे काम कंत्राटदाराकडे असतं. तिथे रहिवाशांनी एवढाच आग्रह धरावा की रोजचे दोन आकडे वेळेसह तलावाच्या काठावरच्या फळ्यावर लिहिले जावेत. भारतीय मानक ब्युरोचं जलतरण तलावाच्या पाण्यासाठीचं आयएस ३३२८ हे मानक १९९३ पासून सुधारित रूपात उपलब्ध आहे, ते कंत्राटात नमूद करायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही.

आणि पाणी धुरकट असेल, खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर आकडे काहीही येवोत, त्या दिवशी तलाव बंद. अशा पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही.

येत्या सुट्टीत बंगला भाड्याने घेणार असाल तर खोल्या किती आणि जेवण काय हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारा: आज तलावाचं क्लोरीन किती, पीएच किती? उत्तर वहीतून आलं पाहिजे. वही नसेल तर मुलांना त्या पाण्यात उतरवू नका.